थोडीशी गळते

"हृदयाची एक झडप थोडीशी गळते. बाकी सगळं छान आहे, काळजीचं काही नाही. दोन वर्षांनी परत बघू," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी कागद गोळा केले आणि थोरल्या मिस्त्रींच्या हातात दिले. थोरले मिस्त्री "बरं" म्हणाले, दोनदा मान हलवून उठले आणि बाहेर आले. दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दुसरा कुणी असता तर घरी जाऊन पोटभर जेवला असता. पण थोरले मिस्त्री सगळं आयुष्य नळकाम करत आले होते. गळणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. थोडीशी गळणारी वस्तू थोडीशीच गळत राहिली, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आधी थेंब, मग धार, मग भिंतीला ओल आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाशी भांडण, हा क्रम ठरलेला असायचा.

त्याहून जिव्हारी लागलं ते शेवटचं वाक्य. ते वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. एखाद्या जुन्या इमारतीत पाइप आतून इतका कुजलेला निघे, की पाना लावला तर तुकडा हातात यायचा. तिथे थोरले मिस्त्री घरमालकाला अगदी शांतपणे सांगत, "काळजीचं काही नाही. आत्ता हात लावायला नको, पुढे बघू." आणि पिशवी उचलून झपाझप निघून येत. डॉक्टरीणबाईसुद्धा कागद गोळा करताना घाईतच होत्या.

घरी बायकोने विचारलं, काय म्हणाल्या डॉक्टर. काही नाही म्हणाल्या, असं त्यांनी सांगितलं. शब्दशः पाहिलं तर ते खरंच होतं.

त्यानंतर त्यांनी स्वतःचं शरीर हाती घेतलं. व्हॉल्व्ह बदलता येत नसेल, तर शहाणा माणूस निदान प्रेशर कमी करतो. टाकी भरलेली ठेवायची नाही, वरच्या मजल्याला पाणी चढवायचं नाही, आणि कुठे धक्का बसू द्यायचा नाही. त्याप्रमाणे थोरल्या मिस्त्रींनी आधी पाणी पिणं कमी केलं. सकाळी एक पेला, रात्री एक घोट. चहा सोडला. झोपायची खोली वरच्या मजल्यावर होती. ती सोडून त्यांनी गादी खाली दुकानामागच्या खोलीत आणली, कारण जिना चढताना छातीत धडधडतं हे त्यांच्या आता लक्षात येऊ लागलं होतं. आंघोळीच्या वेळी ते छातीवर अंगठा दाबून पाहत. गळालेलं रक्त जातं कुठे, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. कुठेतरी ते मुरत असणार, आणि आज ना उद्या ओल वर येणार.

बायकोला वाटलं, हे रुसलेत. तिने नुकताच त्यांचा कामाचा जुना कोट न विचारता कुणाला तरी देऊन टाकला होता. दोन दिवस वाट पाहून तिने स्वतःहून विषय काढला आणि चूक कबूल केली. थोरले मिस्त्री म्हणाले, "जाऊ दे. तुझ्यावर माझा कसलाच राग नाही. कधीच नव्हता."

हे ऐकून ती जास्तच घाबरली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला कुठलीही गोष्ट इतक्या लवकर माफ केली नव्हती. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला कळलं, पण कुठे ते कळेना.

ते कळलं एका दुपारी. फळीवरचा डबा काढायला थोरले मिस्त्री खुर्चीवरून उठले आणि उठल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. ते पुन्हा खुर्चीतच कोसळले, म्हणून डोकं वाचलं. ओठांची सालं निघाली होती, जीभ कोरडी पडली होती. बायको धावत पाणी घेऊन आली. त्यांनी पेला हाताने बाजूला सारला.

"नको," ते म्हणाले. "आत भर घालू नकोस. माझी झडप गळते."

तिने विचारलं, कुठली झडप. त्यांनी छातीवर हात ठेवला. मग डॉक्टर काय म्हणतात, असं तिने विचारल्यावर ते खाली बघून म्हणाले, "पुढे बघू म्हणतात."

ती नळकाम करणाऱ्याची बायको होती. 'पुढे बघू'चा अर्थ तिने रात्रीच्या जेवणावर शंभर वेळा ऐकला होता आणि त्यावर हसलीही होती. आता तिने पेला खाली ठेवला, चप्पल घातली आणि नवऱ्याला काही न सांगता रस्ता ओलांडून समोर गेली.

समोर धाकट्या मिस्त्रींचं दुकान होतं. दोघे सख्खे भाऊ. पूर्वी एकाच दुकानात काम करत. एकदा एका गिऱ्हाइकाच्या घरी धाकट्याने घातलेला सांधा थोरल्याने गिऱ्हाइकाच्या देखत उघडला आणि स्वतःच्या हाताने पुन्हा घातला. सांधा गळत नव्हता. धाकट्याने पाना तिथेच फरशीवर ठेवला, आणि महिन्याभरात समोर स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हापासून दोघे रोज सकाळी एकमेकांसमोर शटर उघडत आणि दोन दिशांना बघत. वहिनींनीही तो उंबरठा इतकी वर्षं ओलांडला नव्हता.

"भावजी, ह्यांच्या काळजाची झडप गेली," ती म्हणाली. "पाणीसुद्धा घेत नाहीत."

धाकट्याने हातातलं काम टाकलं आणि हात पुसत पुसतच तो आला.

तो थोरल्यांसमोर येऊन बसला. थोरल्यांनी दुकानाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे पाइपाला आटे पाडायचं यंत्र होतं, पूर्वीच्या एकत्र दुकानातलं, वाटणीत थोरल्यांकडे आलेलं. धाकट्याचा त्यावर जीव होता हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच त्यांनी ते सोडलं नव्हतं.

"ते तू ने," थोरले म्हणाले. "मी आहे तोवर ने. परक्याच्या हातात पडायला नको."

धाकटा "बरं" म्हणाला.

थोरल्यांना अजून काही बोलायचं होतं. दोनदा सुरुवात करून ते थांबले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तो सांधा गळत नव्हता."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला.

त्यानंतर धाकट्याने त्यांना पहिल्यापासून सगळं विचारलं. डॉक्टर नेमकं काय म्हणाल्या, थोरल्यांना त्यातून काय समजलं, मग काय काय बंद केलं. थोरल्यांनी प्रेशर, टाकी, ओल, सगळं सांगितलं. धाकट्याने त्यांच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं, वहिनींकडून पेला घेतला आणि त्यांच्यासमोर धरला. हे माझ्या हातचं पी आणि मग काय व्हायचं ते होऊ दे, असं तो म्हणाला. इतक्या वर्षांनी भावाच्या हातचं आलेलं, त्याला नाही कसं म्हणणार? थोरले मिस्त्री जीव मुठीत धरून पाणी प्यायले. काही झालं नाही.

"आता लगेच परत दवाखान्यात जायचं," धाकटा म्हणाला. "आणि मला सांगितलंस ना, ते सगळं तसंच्या तसं त्यांना सांगायचं. मान हलवून यायचं नाही."

वहिनी त्यांना रिक्षाने घेऊन निघाल्या. निघता निघता त्यांनी पाहिलं, धाकटा हातगाडी आणून यंत्र चढवत होता. माणूस अजून चालताबोलता असताना ही घाई त्यांना बरी वाटली नाही, पण ती वेळ बोलायची नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, डोळे आणि जीभ पाहिली. पाणी कमी पडलंय, एवढंच म्हणाल्या, आणि सिस्टरांकडून साखर-मिठाचं पाणी आणवलं. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, की मागच्या वेळी मी काय सांगितलं, ते तुम्हाला जसं समजलं तसं सांगा.

थोरल्या मिस्त्रींनी सांगितलं. मेन व्हॉल्व्ह गेलाय. सगळी लाइन इतकी जुनी झालीय, की हात लावण्यात अर्थ नाही. तुम्ही भल्या बाई, म्हणून तोंडावर बोलला नाहीत. 'पुढे बघू' कधी म्हणतात, तेही त्यांनी समजावलं. बाई मध्ये बोलल्या नाहीत आणि हसल्याही नाहीत. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा मात्र उतरत गेला.

"आणि गळालेलं रक्त कुठे जातं असं तुम्हाला वाटलं?"

"छातीत मुरत असेल. ओल अजून वर आली नाही."

बाईंनी कागद घेतला आणि दोन खोल्या काढल्या, एक वर, एक खाली, मध्ये एक दार. रक्त वरच्या खोलीतून खाली येतं. मग दार मिटतं आणि हृदय ते रक्त पुढे शरीरात ढकलतं. तुमचं दार मिटताना थेंबभर रक्त पुन्हा वरच्या खोलीत जातं. बाहेर कुठेही जात नाही. पुढच्या ठोक्याला तोच थेंब पुन्हा खाली येतो.

थोरले मिस्त्री कागदाकडे एकटक बघत राहिले. "हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे," ते म्हणाले.

ते काय असतं, बाईंना माहीत नव्हतं. पाणी एकाच बाजूला जाऊ देतो, मागे येऊ देत नाही तो, असं थोरल्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, मग अगदी तेच.

"आणि तो थेंबभर मागे सोडतो."

"हो."

"तो तर नवा बसवला तरी सोडतो," थोरले मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला होता. "त्याला गळणं नाही म्हणत, बाई. गळणं म्हणजे बाहेर. तुम्ही गळते का म्हणालात?"

"तुम्हाला सोप्या शब्दांत समजावं म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग बाईंनी सांगितलं, की इतकं थोडं पुष्कळ जणांच्या हृदयात सापडतं आणि त्यांचं त्याने काही अडत नाही. आता तुम्ही घरी जाऊन काय करणार, तेही त्यांनी थोरल्यांच्याच तोंडून काढून घेतलं. पाणी नेहमीसारखं प्यायचं. जिना चढायचा, काम करायचं. दम लागू लागला, पायांवर सूज आली किंवा पुन्हा चक्कर आली, तर दोन वर्षं न थांबता लगेच यायचं. एवढं सगळं नीट सांगून झालं तरी बाई उठल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "खरंच काही बिघाड नसला, तर तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता?"

थोरल्या मिस्त्रींनी विचार केला. "सांगत काही नाही. चहा मागतो. बिघाड मोठा असला तर मी बसत नाही."

त्या रात्री ते वरच्या मजल्यावर झोपले. सकाळी उठल्यावर मात्र त्यांना नवीच अडचण जाणवली. आपण मरत नाही, हे समोर जाऊन सांगायला हवं होतं, आणि यंत्र परत मागायला हवं होतं. कितीतरी वेळ ते दारात घुटमळले. मग गेले.

धाकट्याने यंत्र दुकानाच्या मधोमध फरशीत बोल्ट ठोकून बसवून टाकलं होतं.

"काही नाही म्हणे," थोरले म्हणाले. "थेंबभर मागे सोडते, एवढंच."

"हो. माझीही सोडते," धाकटा म्हणाला. "पाच-सहा वर्षं झाली. मीही आधी असाच घाबरलो होतो."

थोरले त्याच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तुला माहीत होतं."

"अंदाज होता. तुझी माझ्यासारखीच आहे की वेगळी, ते मला काय कळणार? मी काय डॉक्टर आहे? म्हणून तर पाठवलं."

"आणि यंत्र का नेलंस?"

"तू दिलंस. मरणाऱ्या माणसाचं मन मोडू नये."

"मी मरत नव्हतो, हे तुला माहीत होतं."

"अंदाज होता, म्हटलं ना," धाकटा म्हणाला आणि कामाला लागला.

बोल्ट पक्के बसले होते. काढायचे तर फरशी फोडावी लागली असती. थोरल्या मिस्त्रींना त्या दिवशी तीन पाइपांना आटे पाडायचे होते आणि गिऱ्हाईक खोळंबलं होतं. ते घरी गेले, पाइप खांद्यावर घेऊन परत आले आणि काही न बोलता यंत्रापाशी उभे राहिले. धाकट्याने पाइपाचं दुसरं टोक धरलं. दुसऱ्या दिवशी तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशी थोरल्यांनी आपलं शटर उघडलंच नाही.

पुढे लोक विचारू लागले, की दोघा भावांचं दुकान पुन्हा एक कसं झालं. थोरले मिस्त्री गंभीरपणे सांगत, "प्रकृतीच्या कारणास्तव." त्यावर लोक चुकचुकत आणि जास्त खोलात जात नसत.