बत्तीस मुद्दे आणि एक गार इंजिन

जुनी वस्तू आणायला सुतार एकटा गेला की फसूनच परत येतो, हे त्याच्या बायकोने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. घरातला फ्रिज कपाट म्हणून वापरात होता आणि कपडे धुण्याचं मशीन चालू केलं की दाराच्या दिशेने चालू लागायचं. आता एका वसतिगृहाच्या साठ पलंगांचं काम चालून आलं होतं, पण माल पोचवायला गाडी स्वतःची हवी अशी अट. नवा ट्रक परवडणार नव्हता, म्हणून जुना. या वेळी फसला असता तर पलंग जाणारच होते, शिवाय जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं ते वेगळंच.

"अहो, माझ्या भावाला घेऊन जा," ती म्हणाली. "त्याच्याकडे यादी आहे. आणि ट्रक आधी दारात आणा. मी हात लावून बघितल्याशिवाय पैसे सुटायचे नाहीत."

मेहुणा पोस्टात कारकून. जुनी डिझेल गाडी कशी पारखावी याचे बत्तीस मुद्दे त्याने एका कागदावर दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात लिहून ठेवले होते. सकाळी तो आपली मोटार घेऊन आला आणि खाली न उतरता हॉर्न वाजवत राहिला.

"अरे, गाडी बंद कर, चहा तरी घे," सुतार म्हणाला.

"नको भाऊजी, उशीर होतोय."

ट्रकवाला म्हातारा आपल्या आवारात बाकावर बसला होता. ट्रक लांब नाकाचा, आठ लाख किलोमीटर धावलेला. मेहुण्याने बॉनेटला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग भाऊजींना बाजूला नेऊन तो कुजबुजला, "मुद्दा पहिला. इंजिन गरम आहे. गार असताना चालू होत नसणार, म्हणून आपण यायच्या आत तापवून ठेवलंय."

"आत्ताच विटा टाकून आलोय," म्हातारा बाकावरूनच म्हणाला. त्याचे कान अजून शाबूत होते.

"सगळे असंच सांगतात. आम्ही थांबू. गार होऊ दे."

"थांबा की. पण तुमची मोटार फाटकात घुरघुरतेय, ती तरी बंद करा."

"राहू दे तिला," मेहुणा घाईने म्हणाला. पण फुकट डिझेल जळतंय हे सुताराला बघवेना. त्याने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. मेहुण्याचा चेहरा पडला.

इंजिन गार व्हायला तीन तास गेले. तेवढ्या वेळात मेहुणा ट्रकखाली आडवा झाला, सांगाड्यावर कुठे जोड मारलाय का ते बघितलं, तेलाचं झाकण काढून हुंगलं.

"मीटर फिरवलंय का?" त्याने दरडावून विचारलं.

"फिरवलं असतं तर आठ लाख कशाला ठेवले असते, साहेब?"

अखेर बॉनेट गार पडलं. म्हाताऱ्याने किल्ली फिरवली आणि ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. सुताराला हायसं वाटलं. मेहुणा मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "फारच लवकर चालू झाला. यात काहीतरी गोम आहे. घरी जाऊन विचार करू."

विचार करायला घरी जायचं, तर मोटार चालू होईना. किल्ली फिरवली की ती नुसती खोकायची. फाटक अडलेलं, म्हणून तिघांनी ढकलत ती रस्त्यावर नेली. सुताराचा सदरा घामाने पाठीला चिकटला आणि मोटार जशीच्या तशी. शेवटी म्हाताऱ्याने मुकाट्याने दोर आणला.

सुतार ट्रकमध्ये म्हाताऱ्याशेजारी बसला आणि मेहुणा मागे आपल्या मोटारीत, दोराच्या टोकाला. ट्रकने त्याला चढावरून सुद्धा ओढत नेलं. 'ओझं असताना धूर बघावा' हा त्याच्या यादीतला सतरावा मुद्दा. तो त्याने नाइलाजाने अठरा किलोमीटर बघितला. निळा नाही, पांढरा नाही, काळा म्हणावा तर तोही नाही.

बायको दारातच उभी होती. तिने एकदा दोराकडे बघितलं, मग ट्रकच्या बॉनेटला हात लावला. "हा तापलाय." मग भावाच्या मोटारीला लावला. "ही चांगली गारगार आहे. यादीप्रमाणे हीच घ्यायला हवी, नाही का रे?"

भावाने यादीची घडी घालून ती खिशात सरकवली. ती हसू दाबत पैसे आणायला आत गेली.

म्हातारा दोर सोडताना मायेने म्हणाला, "साहेब, ही कधी विकलीत ना, तर आधी तापवून ठेवा."

"मला तशीच विकली होती," मेहुणा हळूच म्हणाला. "ही यादी मी नंतर लिहिली, भाऊजी. एकेक बिघडत गेलं तसतशी. ताईला सांगू नका."

फ्रिजमध्ये कपडे ठेवणाऱ्या माणसाला यावर हसता येईना. सुताराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही सांगत. पण बत्तीसच कसे रे?"

"कागद संपला," मेहुणा म्हणाला.