भूकंपोत्तर आगीचा पंचनामा

ताडकळस येथे सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी भूकंपाचा सौम्य धक्का बसला. गावात एकही भिंत पडली नाही. किराणा दुकानदार चंद्रप्पाच्या दुकानातली पूजेची समई तेवढी बारदानावर कलंडली, आणि बारदान पेटलं.

चंद्रप्पानं बादली उचलली, तोच शेजारचा भागवत आडवा आला. "अप्पा, हात लावू नका! पंचनाम्याआधी विझवली तर आग लागलीच न्हाई म्हणतेत."

त्यात खोटं काही नव्हतं. मागल्या साली भागवतनं स्वतःचा गोठा घाईघाईनं विझवला आणि 'आग दाखवा' म्हणून त्याला कचेरीनं सहा चकरा मारायला लावल्या. चंद्रप्पानं बादली खाली ठेवली. अख्खी गल्ली भरल्या घागरी घेऊन शिस्तीत उभी राहिली.

तलाठी योगीराज आले. त्यांनी 'भूकंपोत्तर व त्सुनामीपश्चात आगी' हा नमुना काढला.

"धक्का किती रिश्टरचा?"

"समई पडण्याइतका, साहेब."

"चारच्या आत असला तर ह्या नमुन्यात भूकंप धरत न्हाईत. मग ही आग लावली कुणी?"

"अवं, आत तेलाचे डबे हायत!" चंद्रप्पाची बायको गंगम्मा ओरडली.

"नोंद घेतो."

अखेर योगीराजांनाच कीव आली. "त्सुनामीत टाकू का? तिथं रिश्टर इचारत न्हाईत. पण समुद्र कुठला लिहू?"

"येलदरीचं धरण धरा की! लय भरलंय," चंद्रप्पा रडकुंडीला येऊन म्हणाला.

नोंद झाली. मात्र त्सुनामीखाली नियम होता: पाणी घटनास्थळी आधीच उपलब्ध असल्याने अग्निशमन वाहन पाठवू नये. तालुक्याहून निघालेला बंब अर्ध्या वाटेतून परत फिरला.

डबे फुटले, पत्रे खाली आले. बापाच्या हातचं, चाळीस वर्षांचं दुकान डोळ्यांदेखत राख झालं. चंद्रप्पा मटकन खाली बसला आणि पोराटोरांसमोर ढसाढसा रडला.

"आता पाच पंच पायजेत," योगीराज म्हणाले. "सगळं अथपासून इतिपर्यंत पाहिलेले, पण विझवायला बोटबी न हलवलेले."

भागवतनं पहिली सही केली. आणखी तिघं निघाले. बाकीच्यांच्या घागरीतलं पाणी रेटारेटीत थोडं सांडलं होतं, ते बाद झाले.

योगीराजांनी मान वर करून सरळ इकडं पाहिलं.

"तुमीच की! मगापासून आरामात बसून वाचायलात. या, सही करा."