सफारीच्या कापडाच्या खुर्च्या

व्याही अर्जुनरावांचं निळं आंतरदेशीय पत्र माणिकरावांकडे आलं, त्याला दोन उन्हाळे उलटून गेले होते. उत्तर अजून गेलं नव्हतं.

पत्र तसं साधं होतं. ‘आमच्या तलवाड्याच्या समाजमंदिरात एक कपाट आणलंय. त्यात पुस्तकं ठेवायची म्हणतो. तुमचा जलम वाचनालयात गेला. कोणती आणावी, कळवा.’ खिशात फोन असलेला माणूस मुद्दाम पत्र लिहितो, ते केवळ आपल्याला पत्रं आवडतात म्हणून, हे ध्यानात येऊन माणिकरावांना भरून आलं होतं. अशा पत्राला उत्तरही तोलामोलाचं हवं, असं त्यांनी ठरवलं आणि तिथंच घोळ झाला.

पहिलं उत्तर फार आखूड वाटलं. दुसरं शिष्टपणाचं वाटलं. तिसऱ्यात लहान मुलं राहून गेली, चौथ्यात म्हातारी माणसं. पुढं तर उत्तराला प्रस्तावना लागली आणि ती प्रस्तावनाच पसंत पडेना. गेवराईच्या वाचनालयात उभी हयात लोकांना पुस्तकं काढून देणाऱ्या माणसाला चार पुस्तकांची नावं लिहिता येईनात. टेबलाच्या खणात उत्तर वाढत गेलं आणि तलवाड्यात अर्जुनरावांचा राग. त्यांनी गेवराईला येणंच सोडलं.

मधल्यामध्ये भरडली जात होती यशोधरा, माणिकरावांची लेक आणि अर्जुनरावांची सून. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. शेवटी तिचाच फोन आला.

“पप्पा, रविवारी दुपारी मामा जेवायला येतायत. लई मिनतवाऱ्या केल्यात मी त्यांच्या. या वेळेला काही बिनसलं, तर मी परत मधे पडणार नाही. तुम्ही तिकडं बसा, ते इकडं बसतील.”

“बसण्यावरून आठवलं,” माणिकरावांच्या पत्नी भामाबाई शेजारूनच म्हणाल्या. “त्यांना बसवणार कुठं?”

प्रश्न रास्त होता. जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्यांचं रेक्झिन फाटून आतला फोम जत्रेतल्या म्हातारीच्या कापसासारखा बाहेर आला होता. मागच्या खेपेला एका खुर्चीनं अर्जुनरावांच्या विजारीचा खिसा असा धरून ठेवला होता, की त्यांना निघताना दोनदा निघावं लागलं होतं.

“मंडपवाल्याच्या आणू प्लास्टिकच्या,” भामाबाई म्हणाल्या.

माणिकराव आयुष्यात फारसं ठासून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. “काही गरज नाही. मी करतो. यात शिवणकाम नसतंच मुळी. बैठक काढायची, कापड ताणायचं, खालून पिना मारायच्या. मी वाचलंय.”

“वाचलंय,” भामाबाई म्हणाल्या आणि लसूण सोलायला लागल्या.

प्लायवुडच्या दुकानातल्या प्रवीणनं पिना मारायची गन दिली आणि मंत्रही दिला, “काका, दोन-दोन बोटांवर एक पिन. हात आखडता घेऊ नका, म्हंजे हलायचं नाव घेत न्हाई.” राहता राहिला कापडाचा प्रश्न. भामाबाई बाजाराला गेल्याची संधी साधून माणिकरावांनी आहेराची ट्रंक उघडली. आपल्याकडे ही ट्रंक घरोघर असते. लग्नाकार्यात आलेली पॅन्टपीस, शर्टपीस, टॉवेल, टोप्या त्यात निवांत पडून असतात आणि पुढच्या कार्याला दुसऱ्या घरच्या ट्रंकेत जातात. तळाशी एक चॉकलेटी रंगाचं जाड कापड निघालं. पोत असा, की बैठकीसाठीच विणलंय. ते कुणी दिलं होतं, हे माणिकरावांना आठवेना. आठवायला त्यांनी फार जोरही लावला नाही.

मागच्या खोलीचं दार आतून लावून ते कामाला लागले. “झाल्याशिवाय दाखवणार नाही,” असं त्यांनी भामाबाईंना बजावलं होतं. आश्चर्य म्हणजे काम जमलं. रविवारी सकाळपर्यंत पाच खुर्च्या अशा नटल्या, की माणिकरावांना आपण उगाच वाचनालयात आयुष्य घालवलं, असं वाटू लागलं.

सहावीला मात्र त्यांनी जरा ऐट केली. बैठक जमिनीवर न ठेवता खाटेच्या कडेवर बसून मांडीवरच पालथी घेतली. अंगावर घरातली जुनी लुंगी. लुंगीचा रंगही चॉकलेटी. चष्मा बाहेर टेबलावर. ते चारी बाजूंनी कापड गोळा करत गेले आणि दोन-दोन बोटांवर पिना मारत गेले. या वेळी कापड कसं ऐसपैस निघालं, याचं त्यांना समाधान वाटलं. शेवटची पिन मारून ते बैठक उचलायला गेले, तर बैठकीबरोबर लुंगी उचलली गेली.

कापडाच्या प्रत्येक चुणीत लुंगीची एकेक चुणी पक्की अडकली होती. हलायचं नाव घेत नव्हती.

नेमकी तेव्हाच बाहेर जीप थांबली. दुपारी येणारे अर्जुनराव सकाळीच आले होते.

“इवाई कुठं हायत?” त्यांचा आवाज घुमला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवाई दारात आला की घरधन्यानं उठून सामोरं जायचं असतं. यात आजारपणाचीही सूट नसते.

“आतमधी हायत, या की,” म्हणत भामाबाईंनी दार ढकललं. सकाळी चहाचा कप आत घेताना माणिकरावांनी काढलेली कडी तशीच राहिली होती. दारात अर्जुनराव, पांढराशुभ्र शर्ट, मागं यशोधरा.

“जय भीम,” माणिकराव बसल्या जागेवरून म्हणाले.

“जय भीम.” अर्जुनराव थांबले. माणिकराव उठण्याची त्यांनी वाट पाहिली. माणिकराव उठले नाहीत. “ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. ज्याला दोन ओळी खरडायला सवड न्हाई, त्यानं आमच्यासाठी उठावं कावून?”

यशोधरेचा चेहरा उतरला. “पप्पा, उठा ना.”

“उठता येत नाही,” माणिकराव पुटपुटले.

“का? कंबर धरली का काय?” भामाबाईंनी विचारलं.

लुंगी सोडून उठायचा एक मार्ग होता, पण तो व्याही आणि लेकीसमोर नव्हता. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणिकरावांनी मान हलवली. ती होकारार्थी हलली.

अर्जुनरावांचा राग जागच्या जागी विरघळला. कमरेचं दुखणं त्यांना घरच्यासारखं होतं. “आरं आरं, मग आदी सांगायचं. मला बी लई तरास हाय. याला एकच इलाज, मागून धरायचं आन् एक झटका द्यायचा.”

“नको, नको, आपोआप जाईल...”

पण अर्जुनरावांनी मागून काखेत हात घातलेसुद्धा. झटका बसला. माणिकराव उभे राहिले आणि त्यांच्यासोबत खुर्चीची बैठक उभी राहिली. ती लुंगीला लटकून गुडघ्यांवर डफासारखी वाजली. दोन्ही हातांनी लुंगीची गाठ धरून माणिकराव पुतळ्यासारखे उभे.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अर्जुनराव वाकून कापडाकडे बघत होते. त्यांनी ते चिमटीत धरलं.

“हे सफारीचं कापड,” ते हळू आवाजात म्हणाले. “पोरांच्या लग्नात इवायाचा मान म्हणून दिलतं. बीडात दुकानदाराला अख्खं दुकान खाली काढाय लावलतं मी. इवाई लायब्रीवाले, त्यांना शोभंल असं दाखव म्हणलं.” त्यांनी भिंतीला ओळीनं मांडलेल्या पाच खुर्च्यांकडे पाहिलं. “अंगावर घालाय दिलतं. तुमी बुडाखाली घातलं.”

भामाबाईंनी कपाळाला हात लावला. यशोधरेनं डोळे मिटले. माणिकरावांना पळून जावंसं वाटलं, पण बैठक घेऊन कुठवर पळणार?

“पक्कड हाय का?” अर्जुनरावांनी विचारलं. भामाबाईंनी दिली. ते खाली फरशीवर बसले आणि एकेक पिन उपटू लागले. व्याही पायाशी बसलेला आणि आपण उभे, या विचारानं माणिकराव घामानं निथळले.

“कापड शिवलं कावून न्हाई?” एक पिन निघाली.

“बंद गळ्याची सफारी शिवावी की उघड्या, ते ठरेना.”

“इतकी वर्षं?” दुसरी पिन.

“बाह्यांचंही ठरत नव्हतं.”

“आन् पत्राचं?” ही पिन जरा जोरात निघाली.

माणिकरावांनी खाली पाहिलं. “लिहिलं. पुष्कळ वेळा लिहिलं. तुम्ही इतक्या मानानं विचारलंत, आणि मी एखादं चुकीचं पुस्तक सांगितलं तर लोक तुम्हाला हसतील असं वाटायचं. खणात सगळी उत्तरं आहेत. तुम्हाला दाखवायच्या लायकीचं एकही नाही.”

अर्जुनरावांची पक्कड थांबली.

तेवढ्यात यशोधरा म्हणाली, “मामा, ट्रॅक्टरचं सांगा ना पप्पांना.”

“कोन्चं ट्रॅक्टर?” अर्जुनराव एकदम खोकले.

“आपलं. पप्पांनी तुम्हाला आहेरात दिलेलं राखी पॅन्टपीस त्याच्या सीटला आहे ते.”

अर्जुनराव पिनांकडे बारकाईनं बघू लागले.

“लई टिकाऊ हाय,” ते शेवटी म्हणाले. “दोन पावसाळं काढलं त्यानं.”

आधी भामाबाई हसल्या, त्यांनी तोंडाला पदर लावला तरी ते ऐकू आलं. मग अर्जुनराव असे हसले, की पक्कड हातातून पडली. माणिकरावांनाही हसायचं होतं, पण हात गाठीवर होते आणि हसलं तर धोका होता.

लुंगी सुटली. जेवताना अर्जुनराव मुद्दाम नव्या खुर्चीवर बसले, दोनदा दाबून पाहिली आणि म्हणाले, “गच्च हाय.” हात धुताना मात्र पुन्हा विषय निघाला. “कपाट अजून रिकामं हाय, इवाई. पोरं त्यात बॅटी-स्टंपं ठिवायलीत. उत्तर पाठवा.”

“आता सांगतो ना, तोंडीच...”

“न्हाई. पोस्टानं पायजे. समाजमंदिरात सगळ्यांम्होरं वाचून दाखवायचंय मला. आन् बरं-वाईट तुमी बघू नका. आमी बघतो.”

दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी खण उघडला. कोणतं उत्तर पाठवावं, हे ठरवायला ते बसले आणि तासाभरात उठले. मग जे आयुष्यात केलं नव्हतं, ते केलं. न ठरवता सगळीच उत्तरं एका मोठ्या पाकिटात भरली, प्रस्तावनेसकट. तिकिटं लावली. वाटेत मन बदलू नये म्हणून जवळजवळ धावतच पोस्टात गेले आणि पाकीट पेटीत सोडलं. ते तळाशी खणकन वाजून पडलं.

कागद असे वाजत नाहीत. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पाकीट वाटेत उघडायला नको म्हणून त्याला चारी बाजूंनी प्रवीणच्या गननं पिना मारल्या होत्या. दोन-दोन बोटांवर.

पाकीट उघडायला पक्कड लागेल, एवढं एक कार्ड टाकून कळवायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. कार्डाचा मजकूर कसा असावा, याचा विचार करत माणिकराव घराकडे निघाले.