अप्पांचं मॅचिंग

शिवलिंगअप्पांच्या दुकानात 'लाल' म्हणायची सोय नाही. उदगीरला आमच्या घरासमोर त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. साडीवरचे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल असा माल. एखादी नवखी बाई पिशवीतून साडी काढत "अप्पा, यावर लाल दाखवा" म्हणाली, की अप्पा हातातली कात्री खाली ठेवतात.

"लाल सिग्नल असतंय, बाई. कापडात डाळिंबी असतंय, विटकरी असतंय, कुंकवी असतंय. तुमाला कोणतं पायजे?"

बाई गोंधळते. मग अप्पाच उठतात, साडीचा पदर हातावर घेतात आणि पायरीवर उन्हात जाऊन उभे राहतात. "ट्यूबलाइट लई लबाड हाय, सर," असं त्यांनी मला अनेकदा बजावलंय. डोळे बारीक करून पदराकडे बघायचं, आत यायचं आणि फळीवरच्या ढिगातून एकच तुकडा ओढायचा. दुसरा दाखवायचा नाही. कुणी मागितलाच, तर "कामून? नवरा करताना दुसरा मागितलाव का?" असं विचारायचं.

मी भूगोलाचा मास्तर, आता निवृत्त. माझी रंगांची जाण नकाशातल्या निळ्या-हिरव्यापुरती, त्यामुळे अप्पा मला अडाण्यातच धरतात. बायका मात्र गावोगावहून त्यांच्याकडे येतात. त्यांची बायको शांताबाई वारली, मुलगा पुण्याला गेला, तेव्हापासून अप्पा दिवसभर दुकानातच असतात.

अप्पांना मधुमेह जुना आहे. "साखर रक्तात भरपूर हाय, डब्यात कशाला ठिवू?" असं म्हणून ते पाहुण्यांनाही फिका चहा पाजतात आणि स्वतः चौकात जाऊन जिलेबी खाऊन येतात.

गेल्या वर्षी एके दिवशी त्यांनी सुताराला बोलावून घेतलं. दुकानातल्या फळ्या मधोमध वाकल्यात म्हणाले. सुताराने दोरी लावून दाखवली, फळ्या सरळ होत्या. अप्पा म्हणाले, दोरीच वाकडी आहे. सुतार कपाळाला हात लावून निघून गेला. मग अप्पांनी रस्त्यावरच्या विजेच्या खांबाकडे बोट केलं आणि मला हळूच विचारलं, "सर, तो बी वाकलाय का?"

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना लातूरला नेलं. साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्याला सूज आलीय, डॉक्टर म्हणाले. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, दर महिन्याला.

"दंडात देऊन वर पाठवता येत न्हाई का?" अप्पांनी विचारलं.

येत नव्हतं. डोळा बधिर करायला थेंब घातले, तर अप्पा प्रत्येक थेंबाला "साकु, साकु" म्हणत राहिले. साकु म्हणजे पुरे. घाबरले की अप्पा घरच्या कानडीवर येतात. बाहेर आले ते मात्र छाती काढून. "मुंगी चावल्यागत बी न्हाई. खामखा भेलो."

चार-दोन दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नव्हतं, डोळा चोळायचा नव्हता, कपाळाला भस्मही नको होतं. भस्मावाचून अप्पांना करमेना. डोळ्यापुढे एक काळा ठिपका तरंगत होता, डॉक्टरांनी आधीच सांगितल्याप्रमाणे. अप्पा म्हणाले, "काळा न्हाई त्यो. जांभळाच्या सालीचा हाय."

घरी आल्यावर मी हे सगळं मंगलला, माझ्या बायकोला सांगितलं. ती उठली आणि कपाटातून एक ब्लाउज काढून माझ्यापुढे ठेवला.

"हे बघा. चिंतामणी साडीवर अप्पांनी दिलेलं."

मी बघितलं. मला ते छान वाटलं.

"अहो, साडी निळी आहे. हे बाटलीहिरवं आहे. हेच घालून मी भाच्याच्या लग्नात मिरवले."

आणि ती एकटी नव्हती. आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायकांकडे असा एकेक ब्लाउज निघाला. अप्पांचं चुकतंय हे सगळ्यांना कळत होतं, पण म्हातारा माणूस एवढा वेळ उन्हात पदर धरून उभा राहतो, त्याला चुकलं म्हणायचं कुणी? सगळ्यांनी निमूट शिवून घेतले आणि घातले. तोंडावर टाकून बोलणाऱ्या बायका या. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

आता पंचाईत अशी झाली, की अप्पांची नजर सुधारायला लागली. तिसऱ्या इंजेक्शननंतर ते समोरच्या पाट्या वाचायला लागले. फळ्याही सरळ झाल्या. "सुतारानं गुपचूप नीट केल्या बगा," असं ते सांगतात. बायकांना आनंद झाला आणि धास्तीही वाटली. अप्पांना हे कळलं, तर ते पुन्हा कात्री हातात धरणार नाहीत. गल्लीतले सगळे ब्लाउज ट्रंकांच्या तळाशी गेले.

आमचा तेवढा राहिला. बारशाला जायच्या गडबडीत मंगलने सवयीने तोच घातला आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो. अप्पा पायरीवरच होते.

"वैनी, जरा उन्हात या."

मंगल उन्हात उभी राहिली. अप्पांनी डोळे बारीक केले.

"कापड माझं हाय."

"न्हाई अप्पा, लातूरहून आणलं."

"चिंतामणीवर बाटलीहिरवा. एवढा येडा दुकानदार लातुरात न्हाई." ते थांबले. "आनखी कोणाला देलतो असं?"

मंगलने गल्लीतल्या घरांकडे नुसतं बघितलं. अप्पांनीही तिकडे बघितलं.

"आन सगळ्यांनी शिवलं?"

"शिवलं अप्पा. घातलं बी."

अप्पा पायरीवर बसले. आता हे दुकान बंद करतात, असंच मला वाटलं.

"धंदा नवा होता तवा शांताला अबोली साडीवर गुलाबी पीस आणलो होतो," ते म्हणाले. "तिनं दिवाळीभर मिरवलं. मला लई वर्षांनी कळलं. इचारलं तर म्हणली, तुमी आणलंव, मग बरोबरच असतंय." त्यांचा हात डोळ्याकडे गेला आणि डॉक्टरांची आठवण होऊन अर्ध्यातच थांबला. "ती गेली तवा वाटलं, आता आपली चूक अंगावर घालणारं कोणी उरलं न्हाई."

 

अप्पा उठले, आत गेले, चिंतामणी तुकडा ओढून घेऊन आले. "हे शिवा. पण ते फेकू नगा."

तिने नाही फेकला. कार्याला नवा चिंतामणी ब्लाउज घालते. पण अप्पांना इंजेक्शनला न्यायचं असलं, की तीही आमच्याबरोबर येते, त्याच साडीवर तो हिरवा घालून. अप्पा गाडीत बसण्याआधी तिला उन्हात उभी करतात, डोळे बारीक करून बघतात आणि समाधानाने मान हलवतात.

"चुकलंच हाय," म्हणतात.