बोकारेंची गलबतं

आमच्या परदेशातल्या, बॉथेलच्या ऑफिसात बोकारेंना सर्दी झाली की त्यांच्या डेस्कवर पिवळ्या निशाणाचं एक चित्र उभं राहतं. "जहाजावर साथ आहे, जवळ येऊ नका," असा त्याचा अर्थ. आता तो आमच्या मॅनेजरलाही पाठ झालाय.

बोकारे मूळचे नागपूरचे. पोहता येत नाही. ऑफिसची कयाकिंगची ट्रिप त्यांनी दोनदा कॅन्सल केली. सिगारेटचा धूर दिसला की रस्ता ओलांडतात. आणि जमवतात काय, तर एकोणिसाव्या शतकात तंबाखूच्या पाकिटातून मिळायची ती इवलीशी रंगीत चित्रं! त्यातही फक्त समुद्राची. "पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा घालायचे. मग कोणाला तरी वाटलं, कोरा काहून ठेवायचा?" हे त्यांनी मला निदान चाळीसदा सांगितलंय.

माझा व्हिसा अडकला तेव्हा त्यांनी माझ्या कीबोर्डवर नांगराचं चित्र ठेवलं. "नांगर म्हणजे आशा. काहून रडतेस?"

"पण दादा, नांगर टाकला की जहाज हलत नाही ना?"

दुसऱ्या दिवशी तिथे भरल्या शिडांचं गलबत होतं.

लंचला बाहेर रिमझिम चालू असायची. समोरची खिचडी गार होत असायची आणि बोकारे भिंगातून एखाद्या विटक्या निळ्या लाटेकडे बघत असायचे. "बोट लावलं तर ओलं होईल," असं हळूच म्हणायचे. मीही बघायचे, आणि खरंच, क्षणभर हात लावायला धजायचे नाही.

परवा शनिवारी मी समुद्रकाठच्या एडमंड्सला गेले होते. धक्क्यावर दाट धुकं. बाकावर इस्त्रीच्या शर्टात बोकारे.

"दादा, तुम्ही इथे?"

"बोटीनं मुलगी येते." त्यांचा डिव्होर्स झालाय, मायलेकी पलीकडच्या काठाला राहतात, एवढंच मला माहीत होतं. "लहानपणी तिनं फोनवर विचारलं होतं, बाबा, बोटीवरच्या झेंड्याचा अर्थ काय? मला येत नव्हतं. म्हटलं, शिकून सांगतो."

"मग?"

"शिकेपर्यंत पंधरा वर्षांची झाली. आता विचारत नाही." मग धुक्याकडे बघत म्हणाले, "मागच्या दोन्ही वेळेस आली नाही. अभ्यास असतो."

धुक्यातून बोट आधी ऐकू आली, मग दिसली. माणसं उतरत गेली. अगदी शेवटी कानाला हेडफोन लावलेली एक उंच मुलगी आली.

"हाय, बाबा."

त्यांनी तिची बॅग घेतली. "भूक लागली?"

"आय एट ऑन द बोट."

"बरं. मग थोडंसंच खा." आणि त्यांनी तिथेच, बाकावर, डबा उघडला.

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग हेडफोन काढून गळ्यात अडकवले आणि त्यांच्या शेजारी बसली.