जहाजाचे सुटे धागे

मूर्खपणाची कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझी बाजू घ्यायचे कष्ट तुम्हाला पडणार नाहीत. ते जहाज घरात मी आणलं. माझ्या बोनसमधून, माझ्या हातांनी, वर लाल रिबन बांधून.

त्याचं असं झालं. आमचे हे एका कचेरीत नकाशे काढायचे. कचेरीत नकाशे काढणारं मशीन आलं आणि ह्यांना मुदतीच्या सहा वर्षं आधी मानाने घरी पाठवण्यात आलं. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. (ज्याला आता कुठेच वेळेवर जायचं नाही, त्यालाच का घड्याळ देतात, हे मला अजून कळलेलं नाही.)

पहिला आठवडा हे झोपले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना सुंदर अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘मीठ’. ‘साखर’. ‘साखर (जुनी)’. तिसऱ्या आठवड्यात ते माझ्या पाठीमागे येऊन उभे राहायला लागले.

"कांदा उभा का चिरतेस तू?"

"तेवीस वर्षं उभाच चिरतेय."

"हो, पण का?"

त्याच संध्याकाळी मी ठरवलं, या माणसाच्या हाताला काहीतरी दिलं पाहिजे, नाहीतर माझ्या हातात सुरी आहेच.

छंदाच्या दुकानातल्या विक्रेत्याने मला एकच प्रश्न विचारला, "साहेब कितपत सहनशील आहेत?"

"माझ्याबरोबर तेवीस वर्षं काढलीत."

त्याने सगळ्यात वरच्या फळीवरचा, सगळ्यात महाग खोका काढला.

तीन डोलकाठ्यांचं जुनं लढाऊ जहाज. खोका एवढा जड की रिक्षावाल्याने विचारलं, "आत कोणी आहे का?" आत होत्या अक्रोडाच्या लाकडाच्या शेकडो पट्ट्या, मिरीच्या दाण्याएवढ्या पितळी तोफा, पाच जाडीच्या दोऱ्यांची रिळं, चादरीएवढे नकाशे आणि आम्हा दोघांनाही न येणाऱ्या भाषेतलं एक पुस्तक. ह्यांनी पहिला नकाशा जेवणाच्या टेबलावर उलगडला, त्यावरून अलगद हात फिरवला आणि म्हणाले, "तीन महिन्यांत होईल."

याला आता पावणेचार वर्षं झाली.

जेवणाचं टेबल त्या दिवशी गेलं ते गेलंच. आम्ही सोफ्यावर, मांडीवर ताट घेऊन, एकमेकांच्या शेजारी आणि समोरच्या भिंतीकडे बघत जेवायला लागलो. पंखा बंद, कारण पट्ट्या उडतात. शिंकायचं असेल तर बाल्कनीत. माझ्या भाजीच्या पातेल्यात लाकूड भिजायला लागलं. कपड्यांची इस्त्री पट्ट्या वाकवायला गेली. भुवया कोरायचा चिमटा गेला, नेलपॉलिश काढायचं औषध गेलं, नंतर एकेक करत माझ्या केसांच्या क्लिपाही गेल्या. कामावर मी रबर बँड लावून जायला लागले. आमची सुपरवायझर म्हणाली, "नवीन स्टाईल का?" मी म्हटलं, "नाही, युद्धकाळ आहे."

एवढं करून हे बोलायचे ते जहाजाबद्दलच. मी मान डोलवायचे. (मी ऐकत नव्हते, हे इथेच कबूल करते. पुढे ते महागात पडणार आहे.)

तक्रार केली की एकच उत्तर, "जहाज होऊ दे. मग या टेबलावर समोरासमोर बसून जेवू."

तुम्ही हसाल, पण मी ते वाक्य धरून बसले. कारखान्यातून उरलेलं चांगलं कापड आणलं, दुपारच्या सुट्टीत बसून सहा महिन्यांत टेबलक्लॉथ शिवला. चारही कोपऱ्यांना निळा टाका. घडी घालून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला. पंचेचाळिसाव्या वर्षी बाई कशाची वाट बघेल याचा नेम नाही. मी नवऱ्याच्या तोंडासमोर तोंड करून जेवायची वाट बघत होते.

आता माझ्या कामाबद्दल सांगते, कारण घोटाळा तिथूनच झाला. मी शर्टाच्या कारखान्यात चेकर आहे. शिवून झालेला शर्ट माझ्यासमोर येतो. मी तो फिरवते आणि लोंबणारे धागे कापते. दिवसाला चार-पाचशे शर्ट, एकोणीस वर्षं. सुटा धागा दिसला की माझा हात आपोआप जातो. बँकेच्या मॅनेजरच्या बाहीचा धागा मी बोलता बोलता कापलाय. सासऱ्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा ड्रेसिंग बदलताना मी नुसती जरा पुढे वाकले, तर नर्सने माझं मनगट पकडलं.

तर तो शनिवार. मला सुट्टी होती. पुढच्या आठवड्यात ह्यांच्या जहाजवाल्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं आणि जहाज जवळजवळ तयार होतं. हे आणि क्लबचे सेक्रेटरी काचेची पेटी आणायला गेले होते. सेक्रेटरी म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. दात काढायच्या हत्यारांनी ते आता जहाजं बनवतात. सगळे त्यांना दातवाले म्हणतात.

मी चहा घेऊन जहाजासमोर बसले. तीन वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं आणि खोटं कशाला सांगू, चहा निवून गेला. इतकं सुंदर होतं ते. एकेक फळी, एकेक कठडा. ही बोटं सव्वीस वर्षं माझ्या घरात होती आणि मला पत्ता नाही.

तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"काय करतेस, आई?"

"बाबांचं जहाज बघतेय. झालं गं एकदाचं. फक्त एवढे धागे लोंबतायत!"

"कुठले धागे?"

"अगं, सगळीकडून. दीडशे तरी असतील. आणि शेंड्यांना काय लावलंय माहितीये? माझ्या क्लिपा!"

"सापडल्या म्हणजे."

"एकूण एक! थांब, काढून घेते."

फोन कानाला, एका हाताने क्लिपा काढल्या. मग साहजिकच धागे आणखी लोंबायला लागले. प्रदर्शनात लोक काय म्हणतील? नवरा एवढा कलाकार आणि घरात बायको चेकर असून माल असा बाहेर जातो? पर्समध्ये माझी छोटी कात्री असतेच. मुलगी तिच्या ऑफिसातल्या राजकारणाबद्दल सांगत होती. मी हं हं करत होते आणि कापत होते. तुम्हाला सांगते, तीन वर्षांत त्या जहाजासाठी मी प्रेमाने काही केलं असेल तर ते एवढंच. एक धागा सुटला नाही. गाठीपासून अगदी लगेच, स्वच्छ. सुपरवायझरने पाठ थोपटली असती.

"झालं," मी म्हटलं. "आता कसं नीट दिसतंय."

तेव्हा मधली डोलकाठी हळूच, एखादा म्हातारा सोफ्यावर टेकावा तशी, मागच्या डोलकाठीवर टेकली.

"आई? आवाज कसला?"

"काही नाही. बाबांचं जहाज बसलं."

"बसलं म्हणजे? जहाज बसतं?"

मग पुढची डोलकाठीही मागे कलली. सगळ्या दोऱ्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारख्या सैल पडल्या. आणि त्या क्षणी, पावणेतीन वर्षांपूर्वी पालक निवडताना ऐकलेलं एक वाक्य माझ्या डोक्यात लख्ख उजळलं. हे म्हणाले होते, "दोरीची गाठ आधी सैलच ठेवायची, शेंडा लांब सोडायचा, शेंड्याला वजन लावायचं. सगळ्या दोऱ्यांचा ताण सारखा झाला की मग डिंकाचा थेंब. कात्री सगळ्यात शेवटी." आणि मी म्हणाले होते, "हं."

पुढचा पाऊण तास मी काय काय केलं ते विचारू नका. शर्टाचा पांढरा धागा घेऊन मी त्या डोलकाठ्या एकमेकींना बांधल्या, काजाच्या टाक्याने. वरून हेअर स्प्रे मारला. हे आणि दातवाले काचेची पेटी घेऊन आत आले तेव्हा जहाजाचं डोकं अपघात झालेल्या पेशंटसारखं बांधलेलं होतं आणि त्याला माझ्या केसांचा वास येत होता.

दातवाल्यांनी खिशातून छोटा आरसा काढला (अजून बाळगतात), दोऱ्यांच्या मागे घालून बघितलं आणि म्हणाले, "सगळं काढावं लागेल."

"सगळं?" मी विचारलं.

"मुळापासून. शेंडेच उरले नाहीत, वहिनी. पकडणार काय?"

"किती दिवस?" हे म्हणाले.

"दिवस? नऊ महिने धरा. या वर्षीचं प्रदर्शन गेलं."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. खरं सांगू? मला ओरडायला हवं होतं. तीन वर्षांत माझ्याकडे बघून मोठ्याने बोललेलं ते पहिलं वाक्य झालं असतं. मी तयारीच केली होती. मनात उत्तरं जुळवली होती, टेबलापासून क्लिपांपर्यंत.

हे म्हणाले, "कात्री इकडे दे." घेतली. कपाटात ठेवली. कुलूप लावलं. "पेटी बाल्कनीत ठेवू या, डॉक्टर."

बस्स.

"अहो, रागवा की!" मी म्हटलं.

"कशाला? झालं ते झालं."

त्या दिवशी ह्यांनी दोनदा भात घेतला. (मांडीवरच.) हात धुताना शीळ घालत होते. सव्वीस वर्षांत ह्यांना शीळ येते हे मला ठाऊक नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. म्हटलं, माणूस किती मोठा आहे. तीन वर्षांचं काम मी मातीत घातलं आणि ते शब्दाने बोलत नाहीत. मी कुठे आणि हे कुठे.

हा मोठेपणा मला चार दिवस पुरला. पाचव्या दिवशी दातवाले वाटेत भेटले. मी त्यांची माफी मागितली.

"छे हो, वहिनी. उलट बरं झालं. ते फार काळजीत होते."

"कसल्या?"

"जहाज संपत आलं होतं ना. दोन महिने क्लबात येऊन सगळ्यांना एकच विचारायचे, संपल्यावर माणूस काय करतो?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, अहो, घरी बायको आहे ना." दातवाल्यांनी चष्मा पुसला. "तर म्हणाले, तेच म्हणतोय मी."

सवयीमुळे असेल, पण हे वाक्य त्यांनी दात काढल्यासारखं सांगितलं. आधी काहीच कळलं नाही. घरी पोचल्यावर ठणकायला लागलं.

मी घरी काही बोलले नाही. काय बोलणार? ह्यांची काळजी खोटी म्हणायला मला तरी कुठे तोंड होतं? टेबल मोकळं झालं असतं, आम्ही समोरासमोर बसलो असतो. पहिला घास झाला असता, दुसरा झाला असता. मग? मी ‘आज चारशे ऐंशी शर्ट झाले’ म्हटलं असतं. हे ‘अच्छा’ म्हणाले असते. मग दोघांनी मिळून त्या निरोपाच्या घड्याळाकडे बघितलं असतं. हे मला का सुचलं नाही? नकाशे काढणारा माणूस तो. पुढे कुठे काही नाही, हे त्यांना आधी दिसलं.

नऊ महिने गेले. ह्यांनी सगळ्या दोऱ्या पुन्हा ओढल्या. मी नवीन क्लिपा स्वतःहून नेऊन दिल्या आणि या वेळी ऐकलंही. कुठली दोरी कशाला धरते हे मला आता झोपेत विचारा. शेवटी शेवटी ह्यांचं जेवण कमी झालं आणि शीळ बंद पडली, तेव्हा मी ओळखलं, जहाज होत आलं.

मागच्या शनिवारी हे म्हणाले, "मी जरा डॉक्टरांकडे जाऊन येतो." जाता जाता दारात थांबले. "उशीर होईल. दोन तास तरी." असं सांगून जायची ह्यांना सवय नाही.

मी टेबलापाशी गेले. जहाज उभं होतं, पहिल्यापेक्षा देखणं. दीडशे शेंडे लोंबत होते, प्रत्येकाला माझी एक क्लिप. आणि जहाजाच्या शेजारी, टेबलाच्या कडेला अगदी समांतर, मुठी माझ्या बाजूला करून, कात्री ठेवलेली होती. माझी. नऊ महिने कुलपात असलेली. तिला तेल दिलेलं होतं.

मी खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बसले. हात शिवशिवत होता, ती सवय जायची नाही. पण मी कात्री उचलली आणि खणात टाकली. मग कपाटातून टेबलक्लॉथ काढला, इस्त्री केली (इस्त्रीला अजून लाकडाचा वास येतो) आणि तो घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. म्हटलं, बघू तरी. नाही सुचलं बोलायला तर नाही सुचलं. समोर बसून गप्प बसू.

बरोबर दोन तासांनी हे आले. चपला न काढताच टेबलापाशी गेले. भिंग डोळ्याला लावलं. पहिली डोलकाठी बघितली, दुसरी, तिसरी. पुन्हा पहिली. एकेक शेंडा बोटाने हलवून पाहिला. खुर्चीवरच्या टेबलक्लॉथकडे बघितलं. मग भिंग तसंच ठेवून माझ्याकडे वळले. पावणेचार वर्षांनी नवऱ्याने माझ्याकडे नीट बघितलं, तेही एका बशीएवढ्या डोळ्याने.

"मी कशालाही हात लावलेला नाही," मी जरा ऐटीतच म्हटलं.

ह्यांनी जवळ येऊन माझ्या कपाळावर हात ठेवून बघितला.

"का? बरं नाही का तुला?"