हेंड्रिकची माघार

योगिताच्या ताटातली भाकरी गार झाली तरी तिची नजर लॅपटॉपवरून हलेना. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कुणाचा आक्षेप उरला नाही तर तिचा प्रस्ताव मंजूर. उरला तर गेला पुढच्या वर्षावर. आज होता बुधवार, आणि एक आक्षेप अजून शिल्लक होता.

"कावून जेवना गेलीस गं?" तिचे चुलते मोहनराव म्हणाले. नेकनूरच्या पलीकडच्या या गावचे ते माजी सरपंच. माजी फक्त कागदावर.

"काका, भाषेचं ठरायलंय."

भाषा म्हणजे ओक्रा, संगणकाला काम सांगायची. ओक्रा म्हणजे भेंडी हे कळल्यापासून घरातले सगळे तिला भेंडीच म्हणत. जगभरचे लोक ती फुकटात वाढवतात, त्यांत योगिता एक. कॉलेजात कुणी काही शिकवलं नाही, फी मात्र घेतली, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेली. तीन वर्षं एका गोष्टीसाठी भांडत होती. नेट तुटलं तर पाठवायचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू न होता तुटल्या जागेवरून पुढं जावं. आणि ज्यानं त्यानं आपला वेगळा जुगाड न करता सगळ्यांची एकच ठरलेली पद्धत भाषेतच असावी. तिची बहीण बबिता लिंबागणेशला आशाताई होती. बाळंतिणींची माहिती ओक्रात लिहिलेल्या ॲपवर भरायची, शेवटाला नेट तुटायचं, की पुन्हा पहिल्यापासून. ज्यांचं नेट कधी तुटत नाही अशा लोकांनी भाषा बनवली होती. तुटणं म्हणजे काय हे त्यांना बापजन्मी माहीत नव्हतं.

आक्षेप हॉलंडच्या हेंड्रिकचा होता. त्यानं लिहिलं होतं, "इतक्या वेळा तुटतं याला पुरावा काय?"

"किती मतं लागतेत?" मोहनरावांनी विचारलं.

"मतं न्हाईत काका. तिथं कुणी साहेब बी न्हाई. एकानं सुचवायचं, बाकीच्यांनी चुका काढायच्या, परत सुधारायचं. शेवटाला कुणाचाच आक्षेप उरला न्हाई की झाला सगळ्यांचा नियम."

मोहनरावांचा घास हवेतच थांबला. "म्हंजी बिनविरोध?"

"तसंच म्हणा."

तसंच म्हणा, हे दोन शब्द तिनं बोलायला नको होते. मोहनरावांनी दोन वेळा ग्रामपंचायत बिनविरोध काढली होती. आयुष्यात दुसरं काही काढलं नव्हतं, एक रस्तासुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी योगितानं प्रस्तावाचं पान उघडलं. पान खाली सरकवावं तितकं वाढत होतं. "ताईसाहेबांना जाहीर पाठिंबा." "आपला गट, आपली भेंडी." "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." मधेच एकानं गोऱ्ह्याचा फोटो टाकून खाली नंबर दिला होता, विकणे आहे.

ती तशीच ओसरीवर धावली. तिथं मोहनरावांचा उजवा हात सुग्रीव दोन मोबाईल घेऊन बसला होता.

"काका, काय करून ठेवलंत हे?"

"पाठिंबा. रात्रीतून उभा केला," सुग्रीव म्हणाला. "केजच्या पाव्हण्यांनी बी टाकलाय."

"पाठिंबा मोजत न्हाईत तिथं! कारण मोजतेत!"

"कारण?" मोहनराव विचारात पडले. एवढ्या निवडणुका लढले, कारण कधी कुणी मागितलं नव्हतं. "बरं, विरोधात किती हायेत?"

"एकच. हेंड्रिक."

"अगं मग आधी सांगायचं की! एवढा कालवा कशाला केला असता? सुग्रीव, एकाला बसवायला किती वेळ लागतो बे?"

"चहा व्हायच्या आत."

योगिता ओरडेपर्यंत सुग्रीवनं मोबाईलवर भाषांतर करून त्याच पानावर, सगळ्या जगासमोर टाकलं होतं: "हेंड्रिकसाहेब, अर्ज मागे घ्यावा. शाल, श्रीफळ आणि आमच्या गावचं उपसरपंचपद देऊन आपला मान राखू. मोहनराव."

तासाभरात, नियम पाळले जातात का एवढंच बघणाऱ्या समितीची नोटीस आली. ही शेकडो खाती बनावट वाटतात. प्रस्ताव मांडणारी व्यक्ती खरी आहे का, याचीही शंका आहे. तिनं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत स्वतःचा व्हिडिओ टाकून खुलासा करावा, नाहीतर प्रस्ताव कायमचा बाद.

कायमचा! पुढच्या वर्षाचीसुद्धा आशा गेली. योगिता लॅपटॉपपाशी बसली. तिनं खुलासा लिहिला, पाठ केला, रेकॉर्ड केला. आणि लाईट गेली.

शुक्रवारची दुपार तिनं पाण्याच्या टाकीवर मोबाईलवरून थेट बोलण्यात काढली, कारण रेकॉर्ड केलेला व्हिडिओ बंद लॅपटॉपात अडकला होता आणि रेंज तिथंच यायची. व्हिडिओ निम्मा जायचा, नेट तुटायचं, पुन्हा पहिल्यापासून. समितीचं पान ओक्रातच लिहिलेलं, त्यामुळं गेला तेवढा तुकडा तिकडं चिकटून राहायचा. "नमस्कार, मी योगिता, हे सगळे लोक खरे" इथं एक तुटला. "माझ्या काकांना वाटलं की" इथं दुसरा.

"पोरी, खाली ये, ऊन लागंल," काकू, विमलबाई, खालून ओरडत होत्या. त्याही एका तुकड्यात आल्या. मोहनराव शिडीवरून डोकं वर काढून "मी बोलू का?" म्हणाले, ते पुढच्या तुकड्यात.

शेवटी बॅटरी संपली. योगिता टाकीवरून उतरली ती रडतच. तीन वर्षं गेली. बबिता बसणार तशीच मोबाईल उंच धरून.

संध्याकाळी लाईट आली. तिनं पान उघडलं तेव्हा मुदत संपून गेली होती. तळाशी हेंड्रिकचं लिहिणं होतं: "सगळे तुकडे पाहिले. पुरावा मागितला होता, मिळाला. आक्षेप मागे घेतो." त्याखाली समितीचं: "खुलासा अर्धवट, पण व्यक्ती खरी आहे. आक्षेप शिल्लक नाही. प्रस्ताव मंजूर."

तीन वर्षं तिनं मुद्दे मांडले, आकडे दिले, कुणी विश्वास ठेवला नाही. टाकीवर बसून रडकुंडीला आली तेव्हा पटलं. पण मंजूर ते मंजूर. ती ओरडत ओसरीवर गेली, "काका, हेंड्रिकनं माघार घेतली!"

मोहनराव उठले नाहीत. त्यांच्यासमोर उपसरपंच तात्याबा उभे होते, हातात मोबाईल, त्यावर तेच पान. मागं अंगणात त्यांचा अख्खा गट.

"माझं पद हॉलंडला दिलंय म्हणं," तात्याबा म्हणाले. "पाच वर्षं तुमच्या मागं फिरलो. आता हेंड्रिकच्या मागं फिरू का?"

मोहनरावांनी टोपी काढली, पुसली, परत घातली. मग योगिताला जवळ बोलावून हळूच विचारलं, "योगे, मागं घेतलेला आक्षेप परत लावता येतो का गं?"

"येतो की काका," योगिता म्हणाली. "पण कारण द्यावं लागतंय."